'नॉटविथस्टँडिंग' दिसलं की पेन्सिल काढा

शिवाजीनगर कोर्टाजवळ मी 22 वर्षं करारनामे टाइप करतेय. परवा लातूरचा एक मुलगा आला, एमपीएससीच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत खोली घेत होता. हातात कराराचा मसुदा. "मॅडम, कलम 6 मध्ये लिहिलंय, खोली सोडली की डिपॉझिट परत. मग मालक कापणार का म्हणतात?"

मी कलम 14 वर बोट ठेवलं. 'नॉटविथस्टँडिंग एनिथिंग कंटेन्ड इन क्लॉज 6...' त्याने शब्दाचे तीन तुकडे केले. "नॉट, विथ, स्टँडिंग... उभं न राहता?"

फार चुकला नव्हता. कलम 6 इथे आडवं उभं राहू शकत नाही, एवढाच अर्थ. लॅटिनच्या 'नॉन ऑब्स्टान्टे'वरून इंग्रजीने हा शब्द घडवला. वकील अजून त्या लॅटिन नावानेच अशी कलमं ओळखतात. आपल्या सरकारी मराठीत 'काहीही अंतर्भूत असले तरी' येतं, ते हेच.

वाचताना शब्दाच्या लगेच पुढे काय आहे ते बघा. तिथे जे असेल ते हरणार. 'क्लॉज 6' असेल तर तेवढंच, 'धिस अ‍ॅग्रीमेंट' असेल तर अख्खा करार. मग कलम 6 च्या समासात पेन्सिलीने लिहा, '14 बघा'. या मसुद्यात 14 सांगत होतं की सहा महिन्यांच्या आत सोडलं तर एक महिन्याचं भाडं कापणार. म्हणून कलम 6 रद्द झालं असं नाही (लोक इथेच घाबरतात). सातव्या महिन्यात सोडलं तर ते शाबूत आहे.

'सब्जेक्ट टू क्लॉज 6' असेल तर सगळं उलट, तिथे कलम 6 वरचढ. आणि दोन 'नॉटविथस्टँडिंग' एकमेकांच्या अंगावर धावून गेली तर सही न करता मसुदा परत द्या.

भाडेकरारच कशाला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 ची सुरुवातच या शब्दाने होते: या कायद्यात काहीही असलं तरी, राहायला लायसन्सवर घेतलेली जागा मुदत संपली की मालकाला परत द्यायची.

स्वतः लिहिताना 'नॉटविथस्टँडिंग द रेन' किंवा 'द रेन नॉटविथस्टँडिंग', दोन्ही चालतं. मध्ये 'ऑफ' घुसडू नका. रजेच्या अर्जात तर 'डिस्पाइट' पुरे. साहेबांना कशाला कोर्टात उभं करता!

मुलाने मालकांशी बोलून सहाचे तीन महिने करून आणले. नवीन पान मी टाइप करून दिलं. पैसे मात्र घेतले.