गावचा प्रश्न विद्यापीठात नेताना: खान्देशातल्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीला क्षेत्रप्रकल्प आला, की बहुतेक गट आधी उपाय ठरवतात आणि मग त्याला साजेसं गाव शोधतात. इथेच काम बिघडतं.

रावेर-यावलकडची केळी घ्या. घड कापल्यावर राहिलेल्या खोडापासून धागा काढायचा, ही कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडतं. कल्पना चांगलीच आहे, पण हिशोब आधी करा. खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. शंभर किलो खोडातून कोरडा धागा जेमतेम किलोभर निघतो. म्हणजे खोडं कॉलेजात आणायची तर भाडं पाण्यालाच द्यायचं. यंत्र बांधावर न्यावं लागेल; तिथे थ्री-फेज वीज कोणत्या तासांना असते, ते वायरमनला विचारा. आणि ज्याला पीलबाग (त्याच झाडाच्या पिलापासून घेतलेलं पुढचं पीक) ठेवायची आहे, तो शेतकरी खोड लगेच देणार नाही, कारण त्यातलं अन्न पिलाला मिळतं. ही गोष्ट प्रयोगशाळेत कळत नाही, बांधावरच कळते.

विद्यापीठाची खरी मदत यानंतर सुरू होते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. धाग्याची ताकद तपासायला प्रयोगशाळा, नमुना बनवायला इन्क्युबेशन केंद्र, मांडणीसाठी ‘आविष्कार’ ही विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा. फक्त स्पर्धेसाठी काम करू नका. परीक्षकाला चकचकीत मॉडेल आवडतं, शेतकऱ्याला दुरुस्त करता येणारं यंत्र हवं असतं.

गाव निवडताना उन्नत भारत अभियानात, म्हणजे कॉलेजांना गावांशी जोडणाऱ्या सरकारी योजनेत, तुमच्या कॉलेजने घेतलेली गावं आधी बघा. तिथे ग्रामपंचायतीशी ओळख असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) सात दिवसांच्या शिबिरात श्रमदान होतंच, पण दोन संध्याकाळी निव्वळ ऐकण्यासाठी राखा. प्रश्नावली पुस्तकी मराठीत वाचून दाखवली, तर उत्तरंही ‘हो’, ‘नाही’ एवढीच येतात. गटात एक जण अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी बोलणारा हवाच.

वेळही सांभाळा. धडगाव-अक्कलकुव्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबं मजुरीला गुजरातकडे जातात. जानेवारीतल्या पाहणीत दारावरची कुलपंच मोजाल. होळीला माणसं परततात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांचं, वर्ष बदलतं आणि लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा गावातल्या नेहमीच्या घरांचा अंदाज चुकतो.

सगळ्यात जास्त कामं मरतात ती मे महिन्यात. गट पास होतो, वही कपाटात जाते, गावकरी फोन करत राहतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शक प्राध्यापकांकडून पुढच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांची नावं घ्या आणि त्यांना गावात सोबत न्या. यंत्र कुणाच्या ताब्यात राहील, बिघडलं तर खर्च कुणाचा, हे ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत लिहून घ्या. अहवालाची एक प्रत, सोप्या मराठीत, ग्रामपंचायतीला द्या. माहिती त्यांचीच आहे.