किशोरवयीन मुलांच्या मूत्रपिंडविकारासाठी जनुकीय चाचणी : रक्त देण्याआधी आणि अहवाल आल्यावर

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या लघवीत वारंवार प्रथिने किंवा रक्त सापडते, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसेल तर रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेले असते आणि कारण हाती लागत नाही, तेव्हा मूत्रपिंडतज्ज्ञ जनुकीय चाचणी सुचवतात. पालक साहजिकच आधी खर्च विचारतात. तो विचारायलाच हवा. परंतु त्याच्याही आधी डॉक्टरांना विचारावे, की या चाचणीच्या उत्तराने मुलाच्या औषधांत, तपासण्यांत किंवा घरातील इतरांच्या निर्णयांत काय बदलणार आहे. याचे उत्तर स्पष्ट मिळाले तर चाचणीला उशीर करू नये. उत्तर मोघम असेल, तर आणखी एकदा भेट घेऊन बोलावे, कारण ही चाचणी रक्तातील साखरेच्या चाचणीसारखी नाही. तिचा निष्कर्ष जन्मभर सोबत राहतो आणि तो एकट्या मुलापुरता नसतो.

पहिल्यांदा हे ठरवावे, की मूल आजारी आहे की निरोगी. या दोन परिस्थितींचे नियम वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की चुकीचे निर्णय होतात.

आजारी मुलाची चाचणी

मूल आजारी असेल आणि कारण अस्पष्ट असेल, तर चाचणीची बाजू बहुधा भक्कम असते. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीतून खूप प्रथिने जाऊन अंगावर सूज येते त्या विकारात, स्टेरॉइडचा उपयोग होत नसेल आणि त्यामागे एनपीएचएस२ सारख्या जनुकातील दोष निघाला, तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा मारा बहुतेक वेळा थांबवता येतो आणि मुलाला त्यांच्या दुष्परिणामांतून सोडवता येते. अशा मुलांमध्ये प्रत्यारोपणानंतर नव्या मूत्रपिंडात तोच आजार उलटण्याची शक्यताही कमी असते.

वारंवार मूतखडे होणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे उत्तर प्रत्यारोपणाच्या आधीच मिळायला हवे. प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया या आनुवंशिक आजारात शरीरात ऑक्झॅलेट हा खडे करणारा क्षार जास्त तयार होतो. त्याच्या पहिल्या प्रकारात दोष यकृतातील विकराचा (एन्झाइमचा) असतो. त्यामुळे केवळ मूत्रपिंड बदलून भागत नाही, ऑक्झॅलेट नव्या मूत्रपिंडातही साचू लागते. एजीएक्सटी या जनुकातील काही विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांना ब जीवनसत्त्वाचा सहावा प्रकार, म्हणजे पायरिडॉक्सिन, मोठ्या मात्रेत दिल्यास लाभ होतो, आणि तो कोणाला होईल याचा अंदाज जनुकीय अहवालातून येतो.

नेफ्रोनोफ्थिसिस या मूत्रपिंडे हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण हा आजार फार उशिरा ओळखला जातो. मूल खूप पाणी पिते, रात्री लघवीसाठी उठते, कधी अंथरूण ओले करते, उंची वाढत नाही, रक्त कमी होते आणि सतत थकवा असतो. लघवीच्या तपासणीत मात्र फारसे काही आढळत नाही आणि रक्तदाबही बराच काळ ठीक असतो. त्यामुळे थकव्याचे खापर दहावीच्या अभ्यासावर फुटते आणि क्रिएटिनिन तपासले जाते तेव्हा मूत्रपिंडे बरीच निकामी झालेली असतात. यातील सर्वांत नेहमी आढळणाऱ्या दोषात एनपीएचपी१ हे जनुक दोन्ही प्रतींतून (आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या) मोठ्या प्रमाणात गळालेले असते. म्हणूनच मागवलेल्या चाचणीत जनुकाचे गळालेले तुकडे शोधण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

निरोगी मुलाची चाचणी

घरात आजार आहे, पण मूल ठणठणीत आहे, अशा वेळी घाई करू नये. ज्या आजाराला घरोघरी ‘किडनीत पाण्याच्या गाठी’ म्हणतात, त्या पॉलिसिस्टिक मूत्रपिंडविकाराचे उदाहरण घ्यावे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडील बाधित असतील तर प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष बहुधा १६व्या गुणसूत्रावरील पीकेडी१ किंवा ४थ्या गुणसूत्रावरील पीकेडी२ या जनुकात असतो. तथापि, रक्तदाब चांगला असलेल्या निरोगी मुलाला केवळ दोष सापडला म्हणून लगेच सुरू करावे असे औषध आज नाही. वर्षातून एकदा योग्य मापाच्या पट्ट्याने रक्तदाब मोजणे, मीठ बेताचे ठेवणे, पाणी पुरेसे पिणे, वजन सांभाळणे, तंबाखूपासून दूर राहणे आणि वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे, हे सर्व चाचणीशिवायही करता येते आणि धोका असलेल्या प्रत्येक मुलासाठी केलेच पाहिजे. रक्तदाब वाढलेला आढळला तर मात्र मूल ‘निरोगी’ या गटात उरत नाही आणि पुढील तपासण्या कराव्या लागतात.

माझे मत असे आहे, की या आजारात निरोगी मुलाने स्वतः विचारले नसेल तर चाचणी त्याच्या अठराव्या वर्षापर्यंत थांबवावी आणि मग निर्णय त्याच्या हाती द्यावा. त्याने समजून-उमजून विचारले, तर ती नाकारूही नये. येथे एक सावधगिरी बाळगावी. जनुकीय चाचणी नको म्हणणारे पालक पोटदुखीचे निमित्त करून मुलाची सोनोग्राफी करून घेतात. परंतु या घरांत सोनोग्राफीसुद्धा तेच भविष्य सांगते. तिच्यासाठी मुलाशी तेवढ्याच मोकळेपणाने बोलले पाहिजे. शिवाय या वयात सोनोग्राफी निर्दोष आली तरी आजार नाही असे ठामपणे म्हणता येत नाही.

अल्पोर्ट सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचे गणित याच्या उलट आहे. लघवीतून रक्त, पुढे प्रथिने, किशोरवयात ऐकू कमी येणे आणि कालांतराने मूत्रपिंड निकामी होणे, असा त्याचा क्रम असतो. रॅमिप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध लवकर सुरू केल्यास मूत्रपिंड निकामी होणे लांबवता येते, म्हणून एका भावंडाचे निदान झाले की इतर भावंडांची लघवी तपासून जनुकीय चाचणीबद्दल लगेच बोलावे. हे औषध गर्भाला अपायकारक असल्याने मुलीला ते देताना ती माहिती तिच्या वयाला साजेशा भाषेत तिलाच द्यावी.

तयारी

चाचणीआधीच्या जनुकीय समुपदेशनाच्या भेटीला जाताना तीन पिढ्यांची वंशावळ लिहून न्यावी. आजोबांची किडनी बीपी आणि शुगरमुळे गेली असे घरात सांगितले जाते, पण जुनी फाईल उघडल्यावर निराळेच निदान हाती लागू शकते. कोणाला डायलिसिस करावे लागले, कोणाला तरुणपणी श्रवणयंत्र लागले, कोणाचा अकाली मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, कोणाला लहानपणी मूतखडे झाले, हे वयासह नोंदवावे. आईच्या बाजूचे मामा, मावशा आणि मावसभाऊ विसरू नयेत, कारण अल्पोर्टचा नेहमीचा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो. त्यात बाधित वडिलांकडून दोष सर्व मुलींना जातो आणि मुलग्यांना जात नाही. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. आई-वडील आते-मामे भावंडे असतील तर ते संकोच न करता सांगावे. दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या आजारांची शक्यता अशा घरांत वाढते आणि ही एक माहिती डॉक्टरांचा शोध पुष्कळ सोपा करते.

कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची संमती पालक देतात. तरीही मुलाचा होकार स्वतंत्रपणे घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनासाठी १२ ते १८ वयोगटातील मुलांची लेखी अनुमती सांगितली आहे, आणि उपचारासाठीच्या चाचणीतही तोच आदर राखणे योग्य ठरते. मुलाला काही मिनिटे डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. मला पुढे लग्न करता येईल का, आईला माझ्यामुळे अपराधी वाटेल का, खेळ सोडावा लागेल का, असे प्रश्न मुले आईवडिलांसमोर विचारत नाहीत. मूल दत्तक असेल आणि त्याला ते माहीत नसेल, तर समुपदेशकाला आधीच कल्पना द्यावी. आईवडील व मूल अशा तिघांचे नमुने एकत्र तपासल्यास जैविक नाते उघड होऊ शकते.

नमुना आणि प्रयोगशाळा

नमुना देणे सोपे आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडे रक्त घेतले जाते आणि उपाशी राहावे लागत नाही. मुलाला नुकतेच रक्त चढवले असेल किंवा पूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल, तर आधी सांगावे. अहवालाला साधारणतः काही आठवडे लागतात. घरात कोणी आधीपासून बाधित असेल, तर शक्यतो प्रथम त्या व्यक्तीची चाचणी करावी. तिच्यात बदल सापडला की इतरांमध्ये तेवढाच बदल शोधणे पुरते, आणि ते बरेच स्वस्त व नेमके असते. पीकेडी१ च्या बाबतीत प्रयोगशाळेला मुद्दाम विचारावे, कारण या जनुकाच्या मोठ्या भागाच्या सहा नकली प्रती त्याच गुणसूत्रावर आहेत आणि साध्या एक्झोम चाचणीत (सर्व जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग एकत्र वाचणाऱ्या चाचणीत) त्या खऱ्या जनुकाशी मिसळून गोंधळ होतो.

अहवाल आल्यावर

सापडलेल्या बदलाची पाच वर्गांत विभागणी केलेली असते : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. सर्वाधिक गैरसमज ‘अनिश्चित’ या शब्दाने होतात. असा बदल म्हणजे निदान नव्हे. त्याच्या आधारे औषध सुरू करू नये, भावंडाला बाधित ठरवू नये आणि प्रत्यारोपणासाठी दाता नाकारूही नये. जागतिक माहितीसाठ्यांत भारतीयांचे नमुने तुलनेने कमी असल्यामुळे आपल्याकडे हा शेरा अधिक वेळा येतो. आई-वडिलांचे नमुने तपासल्यावर कधी कधी उलगडा होतो. काहीच सापडले नाही, तरी आजार आनुवंशिक नाही असे सिद्ध होत नाही.

नात्यातील दाता ठरवताना अहवाल पुन्हा हाती घ्यावा. पॉलिसिस्टिक विकारात जे भावंड मूत्रपिंड देऊ इच्छिते, त्याच्यात तोच दोष नाही याची खात्री करावी. एक्स गुणसूत्रावरील अल्पोर्टमध्ये दोष वाहणाऱ्या आईच्या मूत्रपिंडावरही परिणाम झालेला असू शकतो, म्हणून तिचा विचार अगदी शेवटी आणि पूर्ण तपासणीनंतरच करतात. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे. आर्थिक मदतीसाठी आपला आजार त्या धोरणातील आजारांच्या यादीत बसतो का, याची तेथे चौकशी करावी.

मूळ अहवालाची प्रत, प्रयोगशाळेचे नाव आणि नमुना क्रमांक जपून ठेवावा आणि शक्य असल्यास मूळ विदाही (चाचणीतून मिळालेला कच्चा डेटा) मागून घ्यावी. दोन-तीन वर्षांनी त्याच विदेचे पुन्हा विश्लेषण करून घेता येते. नवे रक्त न देता जुना ‘अनिश्चित’ शेरा बदलू शकतो किंवा पूर्वी न सापडलेले कारण सापडू शकते. मूल अठरा वर्षांचे होऊन बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात जाते, तेव्हा ही फाईल त्याच्या स्वाधीन करावी आणि तिच्यात काय लिहिले आहे ते समुपदेशकाकडून त्याला पुन्हा एकदा, या वेळी थेट, समजावून घेऊ द्यावे.