आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना घेऊन सिनेमा कसा पाहावा

सगळ्या घराने मिळून सिनेमा पाहायचा असं ठरतं. अर्ध्या तासात आजोबा पेंगायला लागतात, नात मोबाइल उघडते, आणि दोष सिनेमाला लागतो. बहुतेक वेळा सिनेमा चांगलाच असतो. बिनसतं ते आवाजात, वेळेत आणि बसण्यात. या तिन्ही गोष्टी आदल्या दिवशी तासाभरात नीट लावता येतात, आणि तेवढं केलं की सिनेमासारखं घराला एकत्र बसवणारं दुसरं काही नाही.

सुरुवात आवाजापासून करा, चित्रापासून नको.

आजच्या सिनेमांचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि बाकीचे आवाज बहुतांशी बाजूच्या आणि भोवतालच्या स्पीकरांमधून. घरच्या टीव्हीला दोनच छोटे स्पीकर, तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. संवाद भिंतीवर आपटून पुसट होतात. ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच मारामारीत खिडक्या हादरतात, आणि एकाला सिनेमाभर रिमोट धरून बसावं लागतं. यावर पहिला उपाय फुकटचा आहे: सिनेमा पाहायच्या ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत ‘५.१’ (भोवतालच्या अनेक स्पीकरांसाठी) आणि ‘स्टीरिओ’ (दोन स्पीकरांसाठी) असे दोन पर्याय दिसत असतील तर साध्या टीव्हीवर स्टीरिओ निवडा. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘नाइट मोड’ असं काही असेल ते चालू करा. नाइट मोड मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, त्यामुळे शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही.

वय झालेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. म्हणून आजींना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत, आणि ‘काय म्हणाला तो?’ सुरू होतं. नुसता आवाज वाढवून हे सुटत नाही. साउंड सेटिंगमध्ये ट्रेबल (उंच पट्टी) दोन-तीन घरं वाढवा, बेस (खालची पट्टी) तेवढाच कमी करा, आणि आजींची खुर्ची स्पीकरच्या समोर दीड-दोन मीटरवर ठेवा, कडेला किंवा दाराजवळ नको. छताचा पंखा दोनवर आणा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा. कुकर सिनेमाच्या आधी उतरलेला असावा.

वेगळा स्पीकर लावणार असाल तर तो वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका मागे पडू शकतो. आकडा छोटा वाटतो, पण ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो, हे नजरेला सतत टोचत राहतं. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज स्पीकरकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) किंवा साधी ऑक्स वायर असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

चित्राबद्दल दोनच दुरुस्त्या, पण त्या कराच. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतात, आणि उत्तम छायाचित्रण केलेला सिनेमाही मालिकेसारखा दिसायला लागतो. हे ट्रूमोशन, मोशनफ्लो अशा नावांनी मेनूत असतं. ते बंद करा आणि पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. दुसरी दुरुस्ती जुन्या सिनेमांसाठी. त्यांचं चित्र जवळपास चौरस असतं, आणि ते ताणून पडदा भरला की माणसं बुटकी-जाडी होतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘संत तुकाराम’ (१९३६) लावलात तर हे विशेष जपा, आणि त्यासाठी वर सांगितलेला ट्रेबलचा उपाय उलटा करा, कारण त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खरखर असते आणि ट्रेबल वाढवला की तीच वर येते. हा सिनेमा पुण्यात घडला हे मुलांना जरूर सांगा. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, आणि तिच्या स्टुडिओच्याच जागेवर पुढे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. लॉ कॉलेज रोडवरून रोज शाळेची बस जाते ती त्याच आवारावरून, हे कळलं की मुलं तो जुना सिनेमा वेगळ्या डोळ्यांनी पाहतात.

वेळ साधी आहे. जेवण आधी, सिनेमा नंतर. मधुमेहाची गोळी बहुधा जेवणाशी बांधलेली असते, त्यामुळे ‘सिनेमा संपल्यावर जेवू’ हा बेत वडीलधाऱ्यांसाठी वाईट. साडेसातला पानं घ्या, सव्वाआठला सिनेमा लावा. घरात सात वर्षांखालचं मूल असेल तर शंभर मिनिटांच्या आतला सिनेमा निवडा. प्रमाणपत्रही पाहून घ्या: २०२४ पासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा) या वर्गात ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे आहेत, आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन १६+ लावला की निम्मा वेळ प्रसंग पुढे ढकलण्यात जातो.

मध्यंतर घ्याच. ॲपवर सिनेमा सलग चालतो, पण मराठी-हिंदी सिनेमाची पटकथा मध्यंतर धरून रचलेली असते, तिथे थांबलं की दुसऱ्या भागाची उत्सुकता वाढते. पंधरा मिनिटं पुरतात. भेळ करणार असाल तर चुरमुरे, फरसाण, कांदा, कैरी, चिंचेचं पाणी वेगवेगळ्या भांड्यांत तयार ठेवा आणि मध्यंतरातच कालवा. आधी कालवलेली भेळ दहा मिनिटांत लिबलिबीत होते. सिनेमा चालू असताना भडंग चालतं, तेही पातेल्यातून वाट्यांमध्ये काढून. वेफर्सची पिशवी नको, तिच्या कुरकुरीत संवाद जातात.

गच्चीवर पडदा लावायचा असेल तर

मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेसातपर्यंत पडद्यावर काही धड दिसत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. या दोन्हींच्या मध्ये अडीच तास उरतात. मध्यंतर धरून त्यात सव्वादोन तासांचाच सिनेमा बसतो. डिसेंबरात अंधार साडेसहाला होतो, वेळ भरपूर मिळतो, पण आजी-आजोबांना शाल, कानटोपी आणि खुर्चीवर घडी घातलेली गोधडी लागते. जून ते सप्टेंबर गच्चीचा विचारच सोडा.

एकेरी चादर पडदा म्हणून लावू नका. उजेड तिच्यातून पार जातो, चित्र फिकं पडतं, आणि वाऱ्याने माणसांचे चेहरे लाटांसारखे हलतात. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे कोरा पांढरा फ्लेक्स मिळतो. मॅट मागा, चकचकीत घेतला तर प्रोजेक्टरच्या दिव्याचा ठिपका मध्ये चमकतो. शंभर इंची चित्राला साधारण २२१ सेंटिमीटर रुंदी आणि १२५ सेंटिमीटर उंची लागते. फ्लेक्सच्या खालच्या दुमडीत पीव्हीसी पाइप घाला, म्हणजे तो ताठ राहतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर हवी. पुढे सतरंजीवर मुलं बसतात आणि मागे खुर्च्यांवर मोठी माणसं, तेव्हा इंग्रजी माध्यमातल्या नातवंडांना सबटायटल्स वाचता यायला हवीत आणि मागच्यांना पुढची डोकी आड यायला नकोत.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा हे त्याच्या थ्रो रेशोवरून (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) काढा. रेशो १.२ असेल तर २२१ गुणिले १.२, म्हणजे सुमारे २६५ सेंटिमीटर. तो वाकडा ठेवून कीस्टोनने (तिरपं पडलेलं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगने) चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात धार जाते. त्यापेक्षा स्टूल-पुस्तकं रचून तो पडद्याच्या समोर सरळ आणा. आदल्या रात्री दहा मिनिटं चालवून पाहा, आणि सिनेमा डाउनलोड करून ठेवा, कारण वरच्या गच्चीत वाय-फाय पोचेलच असं नाही. वायर कठड्याच्या कडेने न्या, चालण्याच्या वाटेत नको.

हे सगळं घरच्या माणसांपुरतं. पूर्ण सोसायटीला बोलवायचं असेल तर ॲपची वर्गणी त्याला लागू पडत नाही, हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते.

थिएटरला जाताना एकच गोष्ट महत्त्वाची: मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात पाहा. दर शुक्रवारी नवे सिनेमे येतात आणि जुन्यांचे खेळ कमी होतात. उरतो तो बहुधा सकाळचा किंवा रात्री उशिराचा, आणि दोन्ही वेळा घरच्यांना नेणं कठीण. ज्येष्ठांसाठी कडेची खुर्ची घ्या, दिवे जायच्या आधी पंधरा मिनिटं आत जा, कारण मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या अंधारात फसवतात.

सिनेमा कोणी निवडायचा?

यावरून घराघरांत रुसवे होतात. फिरती पाळी ठेवा, सर्वांत लहानापासून सुरू करून. ज्याची पाळी त्याने निवडायचा, फक्त बाकी प्रत्येकाला वर्षातून दोनदा नकार देता येईल. पहिल्या वेळेसाठी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) निवडायला हरकत नाही. दादासाहेब फाळके १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा करतात त्याची ही गोष्ट, आणि त्यात बायको, मुलं, सगळं घर कामाला लागलेलं. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र त्यात खरोखरच रोहिदास, म्हणजे हरिश्चंद्राचा मुलगा, झाला होता, आणि मुलगी मंदाकिनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण. हे सिनेमाआधी सांगा, नंतर नव्हे. मग मुलं फाळक्यांच्या मुलांना पडद्यावर शोधतात.

शेवटी एक शंभर पानी वही ठेवा. सिनेमाचं नाव, तारीख, कोणी निवडला, कोण कोण बसलं होतं, आणि प्रत्येकाचं एक वाक्य. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्याने, पण त्याच्याच शब्दांत. ‘कसा वाटला?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच मिळतं. त्याऐवजी ‘कोणाचं वागणं पटलं नाही?’ विचारा. आजी-आजोबांना ‘तुम्ही लहानपणी सिनेमा कुठे पाहायचात, तिकीट कोण काढायचं?’ विचारा आणि मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा. फाइलला त्याच तारखेचं नाव द्या, म्हणजे वहीच्या पानाशी जुळते. पुढची पाळी कोणाची हे पानाच्या तळाशी लिहा.