सिमरोलच्या जंगलात रातवा ओळखायचा तर

इंदूरहून सिमरोल घाटाकडे जाताना तिन्हीसांजेला गाडी हळू घ्या. रस्त्यावर दिव्याच्या झोतात तांबडे डोळे चमकले, की तो बहुधा रातवा हा निशाचर पक्षी. रंग पाचोळ्याचाच, त्यामुळे पाहून जात ठरवणं कठीण. मी तरी आधी कानांवर भरवसा ठेवते. फरशीवर सोडलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूसारखं ‘चक्-चक्-चक्’ वेग घेत शेवटी थरथरलं, तर साधा रातवा. तोच सूर एका लयीत बराच वेळ चालला, तर रानरातवा. तो झाडावर फांदीच्या लांबीला समांतर बसलेलाही सापडतो. उडता उडता एकच तीक्ष्ण ‘च्वीझ’ आला, तर माळावरचा रातवा.

चोच इवलीशी, पण जबडा केवढा रुंद! उडते पतंग, भुंगे तो त्यातच टिपतो.

उन्हाळ्यात मात्र पायवाट सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. हा पक्षी घरटं बांधत नाही; उघड्या जमिनीवर बहुधा दोनच अंडी घालतो. पक्षी अगदी पायाशी येईपर्यंत हलत नाही. उडालाच, तर फोटो न काढता आल्या पावली मागे फिरा.