प्राध्यापकांकडे जाताना नापास मालाची वही घेऊन जा

बेळगावच्या उद्यमबागेत माझी छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना आहे, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी ओततो. कॉलेजला सोबत घेऊन सरकारी निधीवर संशोधन कसं करायचं, असं आजूबाजूचे कारखानदार विचारतात. सगळ्यांना एकच सांगतो, आधी निधीच्या मागे धावू नका.

आधी वही घाला. तीन महिने रोज संध्याकाळी नापास माल करवतीने कापून बघत होतो. ब्लोहोल, म्हणजे वाफेने ओतीवात पडलेलं भोक, कुठं, किती खोल, त्या पाळीला साच्याच्या वाळूत ओल किती, सगळं पेन्सिलने लिहिलं. प्राध्यापकांकडे गेलो तेव्हा त्यांनी माझा टाइप केलेला अर्ज बाजूला ठेवला आणि अर्धा तास वहीच चाळली. म्हणाले, "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच भोकं जास्त आहेत, बघितलंत का?" सुट्टीत वाळू सुकते, सकाळी माणूस अंदाजाने पाणी मारतो, ते जास्त झालं की तापल्यावर वाफ साच्यातच अडकते. संशोधनाचा प्रश्न तिथं सापडला. बेळगावात व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, धारवाडला आयआयटी आहे. पण तुमच्या मालात बोट घालून बघणारा माणूस शोधा, पाटी मोठी असण्याला तितकं महत्त्व नाही.

आता पैसा. अनुदान आणि कर्ज यात गल्लत करू नका. केंद्राचं तंत्रज्ञान विकास मंडळ कंपन्यांना देतं ते मुख्यतः कर्ज, ५ टक्के सरळ व्याजाने, प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत. जैवतंत्रज्ञानात काही करत असाल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेचा पैसा बहुतेक कॉलेजसारख्या संस्थेच्या खात्यात जातो. मग तुमचा वाटा म्हणजे धातू, भट्टी, माणसं. त्याची किंमत पहिल्याच पत्रात किलोवर आणि हीटवर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीवर, लिहून द्या, नाहीतर शेवटी तो वाटा कुणी मोजतच नाही.

करार सहीआधी वकिलाला दाखवाच. आमच्या एका कामात कॉलेजच्या विद्यार्थ्याने गेटिंगची, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटांची, नवी रचना परिषदेत मांडली, पेटंटचा अर्ज भरायच्या आधी. एकदा जाहीर झालं की ते सहसा नवं राहत नाही, पेटंट हातचं गेलं. पोराचा दोष नव्हता, त्याला पदवीसाठी पेपर हवा होता आणि आम्ही कागदावर काहीच ठरवलं नव्हतं. म्हणून आता करारात एक ओळ असतेच: प्रसिद्धीपूर्वी मसुदा कंपनीकडे यावा, आणि आम्ही तीस दिवसांत उत्तर द्यावं. मुलांचा पेपर अडवून ठेवायचा नाही, हेही त्यातच लिहितो.

हिशोबाला वेगळं बँक खातं उघडा. अनुदानावर पडलेलं व्याज सरकारचं असतं, ते परत भरावं लागतं. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सरकारच्या १२-अ नमुन्यात जातं. बिलं महिन्याच्या महिन्याला फायलीत लावली तर सीएला मार्चमध्ये तुमच्याकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत.