पॅडॉकमधला घोडा वाचताना

सोलापूरच्या स्टेशनाबाहेर टांग्याची घोडी पाहत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे पुण्याच्या रेसकोर्सवर ट्रेनरच्या हाताखाली काम शिकायला गेलो, तेव्हा आपल्याला घोडा कळतो असा माझा समज होता. तो पहिल्याच हंगामात उतरला.

शर्यतीपूर्वी मोतद्दार घोड्यांना पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या आवारात, फिरवतात, तेव्हा नवख्याची नजर आधी तुकतुकीत कातडीवर जाते. मी मात्र प्रथम चाल पाहायला सांगेन. मोकळ्या चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. पाऊल आखडत असेल तर कारण शोधावे. पुढचा पाय दुखत असल्यास तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि निरोगी पायावर भार देताना ती खाली घालतो, आणि ही खूण दुडक्या चालीत अधिक स्पष्ट दिसते. शेवटच्या बरगड्यांची पुसट रेघ दिसली म्हणून घोडा उपाशी ठरत नाही. पुठ्ठे भरलेले असतील तर ते तयारीचेच लक्षण असते.

माझी फसगत झाली ती घामाने. ऑक्टोबरच्या उन्हात एका घोड्याच्या मानेवर आणि मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसला, आणि मी ट्रेनरसाहेबांना ‘हा बिथरलाय’ असे ठामपणे सांगितले. तो घोडा आरामात जिंकला. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचे प्रथिन असते आणि जिथे कातडी किंवा लगाम घासतो तिथे त्याचा फेस होतो, हे मला नंतर समजले. सोलापूरच्या उन्हाळ्यात टांग्याचे घोडे रोज असे भिजलेले पाहूनही मला ते सुचले नव्हते, याची आजही लाज वाटते. पावसाळी, गार दुपारी तसाच घाम फुटला, त्यासोबत डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, शेपूट सतत झटकली जाऊ लागली, पातळ लीद पडू लागली आणि एका मोतद्दाराला घोडा आवरेना, तर मात्र तो शर्यतीआधीच आपली ताकद खर्च करतो आहे असे समजावे. याउलट कान पुढे टवकारलेले, पण पाऊल संथ, असा घोडा मला आवडतो.

काही घोडे मात्र दर वेळी बिथरूनच जिंकतात. म्हणून वहीत प्रत्येक घोड्याची तारीख, हवामान, घाम आणि कान यांची नोंद ठेवावी, आणि त्याची तुलना शेजारच्या घोड्याशी न करता त्याच्याच मागच्या खेपेशी करावी.