माळरानावर झाडं लावायला निघालात? आधी या चुका टाळा

जून उजाडला की सोलापूर, नगर, बारामती, सासवड इकडच्या माळांवर कुदळी-फावडी घेऊन माणसं निघतात. शाळा, तरुण मंडळं, कंपन्यांचे कर्मचारी. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो, आणि म्हणूनच हे कळकळीनं लिहावंसं वाटतं. ज्या जमिनीला आपण ओसाड म्हणतो, तिथली वीतभर जागासुद्धा कुणीतरी हजारो पिढ्यांपासून धरून बसलेलं असतं. ऊन, वारा, कोरडे महिने, उथळ मुरूम या सगळ्याशी जुळवून घेऊन त्यांनी ती जागा मिळवलेली असते. आपण खड्डा खणतो तो त्यांच्या घरात.

उघडं दिसतं म्हणजे उजाड झालंय, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या चुका हिच्यातूनच निघतात. 'पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, ते तोडलं गेलं' हे वाक्य कुठल्याही वृक्षारोपणाच्या भाषणात ऐकू येतं. काही डोंगरांबाबत ते खरंही आहे. पण सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत जेमतेम तीन-चार महिने पाऊस, खाली हातभर मुरूम आणि लगेच कातळ. इथे दाट जंगल उभं राहत नाही. गवत आणि अधूनमधून हिवर, बोर, पळस, तरवड हीच इथली मूळ वस्ती. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी सुमारे साडेसातशे वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या मराठी कथा-गीतांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तर त्यात मोकळ्या मुलखाची काटेरी झाडंझुडपंच पुढे आली. सरकारी नोंदींत मात्र अशा कितीतरी जमिनी 'पडीक' म्हणूनच मोजल्या जातात.

कुसळी गवताकडेच बघा. माळावरून चालताना मोज्यांत घुसून जीव नकोसा करणारं ते कुसळ म्हणजे बियाणं पेरायचं अवजार आहे. त्याची लांब शेपटी पिळलेली असते. हवेतली ओल वाढली की पीळ सुटतो, कोरडं झालं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यातून टोकाकडचं बी मातीत शिरतं. वरून वणवा गेला, मे महिन्याचं ऊन पडलं, तरी बी खाली सुरक्षित. पवन्या, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवतं आपला जीव जमिनीखालच्या मुळांत राखून ठेवतात. मार्चमध्ये पिवळा पडलेला माळ मेलेला नसतो. म्हणून जागेची पाहणी उन्हाळ्यात करून निर्णय घेऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा आणि थंडीत एकदा, असं निदान दोनदा तिथे पहाटे जाऊन बसा.

'झाडं लावली की पक्षी-प्राणी येतील'

येतात. कावळे येतात, बुलबुल येतात, साळुंक्या येतात. हे सगळे गावात, बागेत, रस्त्याकडेलाही राहू शकतात. जातात ते, ज्यांना दुसरीकडे जागाच नाही.

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालते. दूरवर नजर पोचणं हेच तिचं संरक्षण. नजरेच्या आड भिंतीसारखी झाडांची रांग उभी राहिली की ती जागा तिच्यासाठी संपली. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथे हा पक्षी दिसणं ही बातमी होते. याला कारणं अनेक आहेत, पण मोकळ्या गवताचा सलग पट्टा तुटत जाणं हे त्यातलं ठळक. धाविक आणि चंडोल हेही जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग मुरमाचा, पाठीचा रंग ढेकळांचा. उंच झाड म्हणजे त्यांच्यावर टपणाऱ्या कावळ्याला, शिकऱ्याला आपण बांधून दिलेलं मचाण. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर बसून पोटाची पिसं भिजवतो आणि तेवढं पाणी उडत पिल्लांपर्यंत नेतो. एवढ्या कोरड्या मुलखात पिल्लं वाढवायची ही युक्ती ज्यानं कमावली, त्याला आपली सावली नको आहे.

एकाच माळावर इतके जण मावतात कसे, हेही पाहण्यासारखं आहे. काळवीट मुख्यतः गवत चरतं. चिंकारा झुडपांचा पाला आणि बोरं खातो, फार थोड्या पाण्यावर निभावतो. लांडगा काळविटाच्या आणि धनगरांच्या मेंढरांच्या मागे असतो, तर खोकड उंदीर, वाळवी, टोळ आणि हिवाळ्यात बोरं यांवर पोट भरतं. प्रत्येकाचं खाणं, वेळ, लपण वेगळं, म्हणून भांडण कमी. इकॉलॉजिकल निश म्हणतात ते हेच. सगळीकडे एकसारखी झाडं लावली की हे वेगवेगळे कप्पे पुसले जातात.

'देशी झाड आहे ना, मग चालेल'

सुबाभूळ आणि गिरिपुष्प माळावर नको, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. पण त्यांच्या जागी वड, पिंपळ, करंज लावणं हा उपाय नाही. झाड देशी असलं तरी ते त्या जागेचं असेलच असं नाही. माळावरची बहुतेक गवतं भर उन्हात वाढणारी. सावली पडली की मागे हटतात. झाडंच लावायची तर ओढ्याकाठ, गावठाण, रस्त्याच्या कडा, शेताचे बांध आहेत. तिथे वड-पिंपळ मनापासून लावा.

सड्यावर माती नेऊन टाकणं

साताऱ्याजवळचं कास आणि कोकणातले सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, ही माळाहूनही कठीण जागा. जांभ्याच्या कातळावर काही सेंटिमीटर माती, ती पावसात चिंब आणि नंतर आठ महिने तव्यासारखी. नायट्रोजन इतका कमी, की सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे पकडून तो मिळवतात. सीतेच्या आसवांचे सूक्ष्म फुगे डोळ्याचं पातं लवायच्या आत भक्ष्य आत ओढून घेतात. अशा ठिकाणी ट्रॅक्टरनं माती आणि शेणखत टाकलं की पोषण वाढतं, सोबत तणांचं बी येतं, आणि भुकेवर जगायला शिकलेल्या या झाडांना तगडे शेजारी दाबून टाकतात. खत घालून सडा 'सुधारत' नाही, मरतो.

कातळावरची डबकी बुजवू नका. आंबोलीच्या परिसरातच सापडणारा आंबोली टोड, ज्याचं शास्त्रीय वर्णन 2009 मध्ये झालं, पहिल्या पावसात अशाच उथळ डबक्यांत अंडी घालतो. सुटे दगडही उचलून गडगे रचू नका. त्यांच्याखाली पाली, विंचू, देवगांडुळं राहतात. आणि आंब्या-काजूच्या कलमांसाठी सुरुंग लावून कातळ फोडला, तर तो पुन्हा सांधता येत नाही.

चराई आणि वणवा: सगळं किंवा काहीच नाही

बेसुमार चराईनं पवन्या-मारवेल संपतात आणि कुसळीसारखी निकस गवतं माजतात. पण गुरं एकदम बंद केली की उंच गवत लहान फुलझाडांवर कुरघोडी करतं. कासला कुंपण घातलं गेलं आणि पुढे ते काढावं लागलं. म्हणून धनगरांशी, गुराख्यांशी बोलून पाळी ठरवणं बरं: एक तुकडा राखायचा, एक चारायचा, पुढच्या वर्षी बदलायचा. वणव्याचंही तसंच, अख्खा डोंगर दरवर्षी पेटवणं वाईटच, त्यातही फेब्रुवारीनंतर, कारण तेव्हा खोकडाची पिल्लं बिळात असतात आणि चंडोलांची घरटी सुरू झालेली असतात.

आधीच लावून झालं असेल तर

नुसते खड्डे किंवा चर खणले असतील तर निघालेली माती त्यातच भरा, बाहेरची आणू नका. खणल्यामुळे मोकळ्या झालेल्या मातीत पहिली दोन-तीन वर्षं तण येईल. ते फुलावर यायच्या आत उपटा आणि गवताचं बी हवंच असेल तर त्याच माळावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडून गोळा करा.

सुबाभूळ उभी असेल तर शेंगा पिकण्याआधी तोडा. ती बुंध्यापासून पुन्हा फुटते आणि तिचं कठीण सालीचं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं, त्यामुळे एका हंगामात काम संपत नाही. दर पावसाळ्यात फुटवे काढायला आणि रोपं उपटायला माणसं लागतील. वृक्षारोपणाला जमणारी तुमची मंडळी या कामाला बोलवा. जमीन वन विभागाची किंवा गायरान असेल तर तोडण्याआधी परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव मात्र आधी घ्या.